गुरुवारचा ओटा

कुरखेड्याकडून जंगलाच्या अंगानं आत गेलं की लागणाऱ्या या गावात गुरुवारी कोणी आजारी पडत नाही. बुधवारी पडतील, शुक्रवारी रांगा लावतील, पण गुरुवारी शेजारच्या गावचा बाजार असतो. अंगात ताप असला तरी माणूस तो ताप घेऊन बाजाराला जातो, वांगी घेतो, कोंबड्याचा भाव विचारतो, आणि संध्याकाळी घरी येऊन मग निवांत कण्हतो. जया सिस्टरनं हे पहिल्याच वर्षी हेरलं होतं. उपकेंद्राची नर्स म्हणजे चोवीस तासांची बांधलेली बाई. तिला सुट्टी असते ती कागदावर. पण गुरुवारची सकाळ तिची होती, आणि ती सकाळ ती कोणाच्या बापाला देत नव्हती.

त्या सकाळी ती काय करायची ते सांगितलं तर हसू येईल. गावालाही आलंच होतं. चाळिशीला टेकलेली नर्सबाई ओढणी कमरेला बांधून, चार-चार चाकांचे पांढरे बूट पायात घालून धान खरेदी संस्थेच्या सिमेंटच्या ओट्यावर गोल गोल फिरायची. फिगर स्केटिंग म्हणतात त्याला. टीव्हीत दाखवतात ते बर्फावरचं. आपल्याकडे बर्फ म्हणजे लग्नाच्या मठ्ठ्यात टाकायची लादी, म्हणून आपलं चाकांवर. जमिनीवर दोन मोठे गोल काढायचे, एकाला एक चिकटून. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय उचलून धरायचा, आणि रेषेवरून चाक हलू न देता पहिला गोल पुरा करून दुसऱ्यात शिरायचं. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्यानं आधी घरच्या घरी एका पायावर उभं राहून दात घासून पाहावेत.

हे खूळ वरोऱ्याचं. जयाच्या माहेरी बाबूभाईंचं सायकलचं दुकान होतं आणि दुकानामागे बंद पडलेल्या जिनिंगचं सिमेंटचं पटांगण. बाबूभाई तरुणपणी हैदराबादेत राहून हे शिकून आले होते. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून पोरापोरींना चाकांवर उभं करायचे. जया तिथं दहावीपर्यंत शिकली. मग नर्सिंग, मग नोकरी, मग लग्न, मग रोशनी झाली, आणि बूट गेले फडताळावर. रोशनी नवोदयच्या वसतिगृहात गेली त्या वर्षी एका रविवारी जयानं ते बूट खाली काढले, आतली झुरळं झटकली आणि घालून पाहिले. बाळंतपणानंतर बाईचे पाय वाढतात म्हणतात. हिचे वाढले नव्हते. ती तिथंच, न्हाणीच्या दाराशी बसून रडली, आणि कशासाठी रडली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

तेव्हापासून आठवड्यात शिरायला ती फट शोधत राहिली. सोमवारी सिकलसेलची तपासणी, मंगळवारी लसीकरण, बुधवारी पाड्यावरची फेरी, शनिवारी मीटिंग, आणि मध्ये कोणाचीही बाळंतपणाची वेळ. बाळाला थोडंच कळतं की बाईची प्रॅक्टिस आहे. भात शिजेपर्यंत ती चुलीपुढं एका पायावर उभी राहायची. सासू मैनाबाई म्हणायची, "बगळ्यावानी काऊन उभी हायेस? मासोळी दिसली का?" जया म्हणायची, "दिसून राह्यली, आई. हाती नाई येत."

आणि ओटा तरी कुठं मोकळा असायचा? दिवाळीनंतर हमीभावाचं धान आलं की त्यावर पोत्यांच्या थप्प्या लागायच्या. चैतात मोह गळायला लागला की गावातल्या बाया तिथं फुलं वाळत घालायच्या. जयानं ऑइल पेंटनं आखलेले ते दोन गोल बायांना फार आवडले. हा तुझा, तो माझा, अशी त्यांनी वाटणीच करून टाकली. जया बूट घेऊन आली की म्हणायच्या, "सिस्टर, आज नको. तुमच्या गोलात अजून ओलं हाय." काय बोलणार? मोहाचा चिकटपणा घासून काढताना तिचे हात आठवडाभर त्या वासाचे यायचे. पण वर टिनाचं शेड होतं, पाऊस लागत नव्हता, आणि खाली डोमा मिस्त्रीनं सिमेंट असं घोटलं होतं की सांडलेलं पाणीही कुठं जावं ते न कळून जागीच बसायचं. शाळेच्या व्हरांड्यात पायऱ्या. रस्ता म्हणजे गिट्टी. तशी दुसरी जमीन थेट नागपूरलाच, आणि नागपूरला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस एसटीला द्यायचा.

गेल्या वर्षी संस्थेनं डांबरी रस्त्याला नवं गोदाम बांधलं आणि धान तिकडं गेलं. मोहाच्या बायांना शाळेमागचं मैदान मिळालं. ओटा बारा महिने मोकळा. जयाला वाटलं, देवानं उशिरा का होईना, दार उघडलं.

आता तिच्या नवऱ्याचं सांगायला हवं. प्रफुल वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं तुम्ही त्याला शिव्या द्याल. दारू नाही, हात उगारणं नाही. एक ट्रॅक्टर होता आणि एक नेता होता. नेता म्हणजे धनराजभाऊ, या भागातलं मोठं प्रस्थ. प्रफुल त्यांचा कार्यकर्ता, म्हणजे पांढरा शर्ट आणि कायम कानाला फोन. गुरुवारी बाजारात माणसं भेटतात म्हणून भाऊ बाजारात, आणि भाऊ बाजारात म्हणून प्रफुलही बाजारात. बायकोच्या स्केटिंगचं त्याला वावडं नव्हतं. चारचौघांत म्हणायचा, "आमची बाई चाकावर हाय, पण डिझेल लागत नाई." लोक हसायचे. जयाही हसायची. फक्त तो कधी पाहायला आला नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ओटा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्याला वेळ नव्हता, आणि ये म्हणून आर्जवं करायची जयाला लाज वाटायची. आपल्या माणसाला आमंत्रण काय द्यायचं?

गेल्या हिवाळ्यात ती नागपूरला प्रौढांच्या स्पर्धेत उतरली. बाबूभाईंची मुलगी निशात तिथं शिकवते, तिनंच नाव घातलं. जया तिसरी आली. गटात चारच बाया होत्या, हे पेपरानं छापलं नाही. फोटो छापला. मग काय विचारता. प्रफुलनं स्टेटसला टाकला, धनराजभाऊंनी बोलावून शाल-श्रीफळ दिलं, आणि 'आमची बाई चाकावर' होती ती एका दिवसात 'आमच्या जयाताई' झाली.

जयाला शालीचं काही नव्हतं. तिला चारांत तिसरी आल्याचं शल्य होतं. निशात फोनवर म्हणाली होती, "जयादीदी, दोन्ही गोल एका पायावर, मध्ये पाय न टेकता केले ना, तर या वर्षी पहिला नंबर तुमचाच. बाकीच्या तिघी मधात टेकतात. फक्त गुरुवार सोडू नका." गुडघा कुरकुरायला लागला होता. नर्सच ती, तिला कळत होतं की हा गुडघा अजून एखाद-दुसरा हिवाळा काढेल आणि मग नाही. त्याआधी तिला आयुष्यात एकदा पहिलं यायचं होतं. बारावीत नाही, नोकरीत नाही, सासरी तर नाहीच. कुठंच ती पहिली आली नव्हती. एवढं एक तिला हवं होतं, आणि ते तिनं मनाशी कबूलही केलं होतं.

पोळ्यानंतरच्या एका गुरुवारी ते जमलं. पहिला गोल पुरा झाला, मधला सांधा आला, तिनं खांदा वळवला, आणि चाक रेषेवरून न हटता दुसऱ्या गोलात शिरलं. ती गेली, जात राहिली, आणि निघाली तिथंच येऊन थांबली. उचललेला पाय उचललेलाच. शेडखाली एक शेळी बसली होती, तिनं पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. जयानं पुन्हा केलं. पुन्हा जमलं.

घरी आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता, पण प्रफुलचा चेहरा फोनमध्ये होता.

"जमलं आज," ती म्हणाली. "दोनी गोल."

"हो का? मस्त." मग वर न पाहताच त्यानं विचारलं, "पडत नाई ना तू तिथी? लोकं म्हणते थो ओटा लय घसरते."

"घसरते म्हणून तर..." ती सांगायला लागली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भाऊंचा होता. भाऊंचा फोन म्हणजे उठून अंगणात जाऊन घ्यायचा. तिचं वाक्य तिच्याजवळच राहिलं.

दिवाळी झाली आणि जयाला गडचिरोलीला प्रशिक्षणाला जावं लागलं. दोन आठवडे. तिथं लॉजच्या खोलीत पलंग सरकवून ती एका पायावर उभी राहायची. प्रफुल रोज फोन करायचा, हे नवलच होतं. जेवलीस का, झोपलीस का, गुडघा कसा आहे. एकदा म्हणाला, "तू ये तं खरी. तुले एक गोष्ट दाखवाची हाय." आवाजात इतकं लाडकं काही होतं की जया फोन ठेवून तशीच बसून राहिली. सोबतच्या नर्सनं विचारलंही, "काय झालं, बाई?" जया म्हणाली, "काई नाई. नवरा चांगला वागून राह्यला." दोघी हसल्या.

बुधवारी संध्याकाळी ती परतली. प्रफुल एसटी थांब्यावर मोटरसायकल घेऊन उभाच होता. त्यानं तिची पिशवी घेतली, घरी न जाता गाडी ओट्याकडे वळवली, आणि म्हणाला, "डोळे मीट." तिनं मिटले. "उघड."

गट्टू होते.

आता गट्टू कोणाला सांगायला नकोत. सिमेंटच्या चपट्या विटा, लाल नि पिवळ्या, नागमोडी कडांच्या, एकमेकींत अडकवून बसवतात, मध्ये फटी ठेवून. आपल्या भागात विकास म्हणजे गट्टू. देवळापुढं गट्टू, ग्रामपंचायतीपुढं गट्टू, शाळेत गट्टू, मसणवटीत गट्टू. प्यायला पाणी नसेल, पण हातपंपाभोवती गट्टू असतील. ज्या नेत्याला काय करावं सुचत नाही तो गट्टू लावतो, आणि ज्या गावाला काय मागावं कळत नाही ते गट्टू मागतं. ते आता ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसले होते. दोन गोल कुठं होते ते ओळखूसुद्धा येत नव्हतं. शेडला नवा फलक होता: 'स्केटिंग मैदान'. खाली धनराजभाऊंचा हात जोडलेला फोटो, आणि त्याच्या खाली, लहान, पेपरातला जयाचा.

"उद्या उद्घाटन हाय," प्रफुल म्हणाला. "भाऊच्या मागं लागून लागून करून घेतलं. भाऊ म्हणे समाजमंदिराले लावू, मी म्हटलं, नाई भाऊ, आधी माह्या बायकोचं. अन् पाह्य, आता घसरत नाई." त्यानं चप्पल गट्टूवर जोरात घासून दाखवली. "पाय कसा धरून ठेवते. आता तू पडणार नाई."

जया खाली बसली. तिनं दोन गट्टूंच्या फटीत बोट घातलं. बोटाचं पेर आत गेलं.

"बोल ना. आवडलं का नाई?"

"यावर चाक नाई फिरत," ती म्हणाली.

"काऊन नाई फिरत? ट्रॅक्टर फिरते."

"माह्या चाकाले गुळगुळीत लागते. घसरलं पायजे तेच. घसरते म्हणून तं तिथी जात होती मी. हे काढाले सांगा. खालचा ओटा तसाच आहे ना?"

तो हळूच म्हणाला, "खालचं फोडलं. मशीन लावून फोडलं पूर्ण. नाईतर शेडच्या पायरीच्या वर येत होते गट्टू."

संध्याकाळची गुरं परतत होती. जया उठली नाही. प्रफुलचा चेहरा आधी पडला आणि मग, पुरुषाचा होतो तसा, चिडका झाला.

"मंग मले काऊन नाई सांगतलं? दोन आठवडे रोज फोन करून राह्यलो. मले कसं मालूम राहीन तुले गुळगुळीत पायजे का खरबडीत? मी का अंतर्यामी आहो?"

"पाह्यलं असतं तं मालूम राह्यलं असतं."

"काय पाह्यलं असतं?"

"मले," जया म्हणाली. "कोण्या एका गुरुवारी येऊन, उभ्या उभ्या, पाच मिनिटं. गावातल्या शेळीले मालूम हाय मी काय करतो ते. तुमाले मालूम नाई."

मोटरसायकल त्यानं ढकलतच घरी नेली. घरी मैनाबाईनं गोडाचं केलं होतं. कोणी जेवलं नाही, आणि म्हातारी एकटीच पुटपुटत राहिली की लोकांचे नवरे बायकोसाठी साधी चटईसुद्धा अंथरत नाहीत.

निशातला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "नागपूरला येऊन राहा ना दीदी महिनाभर, स्पर्धेपर्यंत." जया म्हणाली, "पाहतो." दोघींनाही कळलं की त्याचा अर्थ नाही असा आहे. गावात दोन बायांचे दिवस भरत आले होते, आणि त्यांची पोरं काही जयासाठी थांबणार नव्हती.

उद्घाटन नाकारता आलं असतं का? सांगायला सोपं आहे. मंडप पडला होता, शाळेची पोरं रांगेत बसवली होती, बाजाराचा दिवस असूनही गाव थांबलं होतं. धनराजभाऊ तासभर बोलले. जयाताईंसारख्या आमच्या झाडीपट्टीच्या लेकी घसरू नयेत म्हणून हे मैदान, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मग फीत कापली आणि माइकवरून आवाज आला, "आता जयाताई आपल्याले करून दाखवतील."

जयानं प्रफुलकडं पाहिलं. तो खुर्च्यांच्या मागं उभा होता, पांढऱ्या शर्टात, आणि जमिनीकडं पाहत होता. तिला तिथंच माइक घेऊन सांगता आलं असतं. पण मग गावभर त्याचं हसं झालं असतं, आणि कितीही राग असला तरी ते तिला बघवलं नसतं. तिनं बूट घातले.

चाकं फटीत अडकत होती, निसटत होती, पुन्हा अडकत होती. खडखड खडखड, बैलगाडी पुलावरून जावी तसा आवाज. हात पसरून, गुडघे वाकवून, एक-एक पाऊल उचलून टाकत ती मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. नुसती चालत. मध्ये दोनदा हात टेकले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. त्यांना वाटलं, हेच ते. भाऊंनी फोटो काढून घेतला. एक म्हातारा बाजूच्याला म्हणाला, "लय कठीण काम हाय बापा, या वयात." जया हसली, फोटोसाठी हसतात तसं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

मग सगळे बाजाराला गेले. मंडपवाल्यानं खुर्च्या आवरल्या. भाऊंची गाडी हॉर्न देत उभी होती. त्यांनी प्रफुलला हाक मारली. प्रफुलनं हात हलवून सांगितलं, तुम्ही व्हा पुढं. असं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. गाडी गेली.

जया शेडच्या पायरीवर बसून नाड्या सोडत होती. तो येऊन बाजूला बसला. पिवळ्या गट्टूंवर ऊन आलं होतं.

"आज मी बाजारात नाई जात," तो म्हणाला. "पाहाले थांबलो."

"काय पाहता आता?"

एक गट्टू नीट बसला नव्हता, तो त्यानं पायानं दाबून पाहिला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला तिच्या स्केटिंगबद्दल एक खरा प्रश्न विचारला.

"जया, तुले चांगलं जमत होतं का?"

तिनं एक बूट काढला. दुसऱ्याची गाठ पक्की बसली होती, ती नखानं सोडवली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. नुसतं कडू कडू झालं.

"हो," ती म्हणाली. "मले लय चांगलं जमत होतं."